साळवे सरांची रंगीत तालीम

नवं शतक येऊन ठेपलंय म्हणे, म्हणून आमच्या संस्थेनं परवा भलंथोरलं विज्ञान प्रदर्शन भरवलं. मांडव, फीत, भाषणं, सगळं यथासांग. मधोमध काचेच्या पेटीत एक लोखंडी हात ठेवला होता. बटण दाबलं की तो खाली यायचा आणि प्लास्टिकच्या मांडीच्या हाडाला भोक पाडायचा. दुसरं हाड ठेवलं, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तिथंच भोक. पोरं टाळ्या पिटत होती. खाली पाटी होती, 'माननीय साहेबांच्या प्रेरणेतून साकारलेला शस्त्रक्रिया करणारा यंत्रमानव.' प्रेरणेतून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेटीजवळ माहिती सांगायला उभ्या केलेल्या मुलीला मी विचारलं, "हे बनवलं कुणी?" ती म्हणाली, "संस्थेनं." मी म्हटलं, "संस्थेला हात असतात का गं?" बिचारी कावरीबावरी झाली. तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर ऐका. तो हात साळवे सरांनी बनवला. भास्कर साळवे, मूळ पुणतांब्याचे, आमच्या संस्थेच्या इंजिनियरिंग कॉलेजात मेकॅनिकलचे प्राध्यापक. आणि सगळ्या हाडांना एकाच जागी भोक पाडणारा हात त्यांना कुणी दाखवला असता, तर त्यांनी दाखवणाऱ्याला पेटीसकट बाहेर काढलं असतं.

मी भूलतज्ज्ञ. त्याच संस्थेच्या हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी बसून माझी वर्षं गेली. ऑपरेशन गाजतं ते सर्जनचं, भूल देणारी बाई कुणाच्या लक्षात राहत नाही. एका परीनं बरंच आहे. तिच्यासमोर लोक काय वाट्टेल ते बोलतात, आणि मी सगळं ऐकलेलं आहे.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या हाडांच्या सर्जनच्या, डॉक्टर निमकरांच्या केबिनमध्ये. चहाची वेळ होती. दारात एक काळासावळा, आडवा माणूस उभा. हातात वायरची पिशवी, कपाळावर आठ्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला, "जुने एक्स-रे द्या. मांडीचे. तुम्ही रद्दीत टाकता ते."

निमकर म्हणाले, "कशाला हवेत? पुस्तकात आहे की सगळं. मांडीचं हाड म्हणजे बघा, एवढं लांब असतं, पुढच्या बाजूला असं जरासं..."

"कुणाचं?"

"म्हणजे?"

"तुम्ही सांगताय ते हाड कुणाचं? नाव काय? गाव कोणतं?"

"अहो, नॉर्मल माणसाचं."

"हां, नॉर्मलराव!" सर म्हणाले. "मला त्यांना केव्हापासून भेटायचंय. राहतात कुठं?"

मला चहाचा ठसका लागला. कारण हेच माझं दुखणं. आमच्या पुस्तकांत एक सत्तर किलोचा माणूस असतो, भुलीची सगळी मापं त्याच्यावरून. तो सत्तर किलोवाला माझ्या टेबलावर अजून यायचाय. येतात ती आमच्या जिल्ह्याची माणसं. कुणी काटकीसारखं, कुणी रोजची दारू पचवलेलं, कुणाच्या रक्तात लोखंडाचा पत्ता नाही. मी त्या दिवशी कपाट उघडून जेवढे सापडले तेवढे एक्स-रे सरांच्या पिशवीत कोंबले.

तेव्हापासून ते लुनावरून गावोगाव हिंडायचे. श्रीरामपूर, बेलापूर, राहाता, जिथं म्हणून हाडांचा डॉक्टर असेल तिथं पिशवी घेऊन हजर. त्यांच्या क्वार्टरच्या खिडक्यांना पडदे नव्हते, एक्स-रे चिकटवलेले होते. ऊन आलं की हॉलमध्ये माणसांचे खुबे आणि गुडघे उजळायचे. सुमनताई, त्यांच्या पत्नी, वैतागून म्हणायच्या, "बाई, पाहुण्याला चहा द्यावा तर त्याच्या डोक्यामागं कुणाची तरी मोडकी तंगडी! माझ्या बहिणीला बघायला आलेलं सोयरं परत आलंच न्हाई." सर आतून ओरडायचे, "तंगडी नको म्हणू. ते बेलापूरचे शिंपी आहेत, गणपतराव."

हो, प्रत्येक हाडाला नाव. ते काय करत होते ते आधी नीट सांगते, नाहीतर लोकांना वाटतं बाई यंत्राची गोष्ट सांगतेय. मांडीचं हाड मोडलं की त्याच्या पोकळीतून लांब सळई घालतात. सळईच्या खालच्या टोकाला भोकं असतात, आणि बाहेरून हाड भोसकून बरोबर त्या भोकांतून स्क्रू न्यायचा असतो. भोक तर आत, दिसत नाही. सर्जन एक्स-रे मारत मारत अंदाजानं शोधतो. चुकलं तर पुन्हा. त्यात सळया परदेशी मापाच्या, उंच आणि सरळ हाडांच्या माणसांसाठी केलेल्या. आपली हाडं आखूड आणि पुढं जास्त वाकलेली. सरांना असा हात बनवायचा होता, जो ते भोक स्वतः शोधेल, स्वतः ठरवून ड्रिल करेल. पण कुठल्याही माणसाला हात लावण्याआधी त्यानं त्याच माणसाच्या खोट्या हाडावर सराव केलेला असला पाहिजे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या रेघांचं हाड काढायचे, एक्स-रेवरून हुबेहूब त्या पेशंटचं. मग ते हाड जरा वाकवायचे, जरा फिरवायचे, ठिसूळ करायचे, आणि प्रत्येक वेळी पडद्यावरचा हात चुकतो कुठं ते बघायचे. मग तेच प्लॅस्टरच्या हाडावर. ह्या सगळ्याला ते म्हणायचे रंगीत तालीम. कॉलेजात असताना नगरला नाटकांत कामं केली होती ना. "ज्याची तालीम झाली नाही," ते म्हणायचे, "त्याचा पडदा उघडायचा नाही. संपलं."

अंदाज ह्या शब्दाची त्यांना चीड होती. एका ट्रस्टीच्या पोरानं प्रॅक्टिकलला "अंदाजे" असं उत्तर दिलं, तर सरांनी त्याला लॅबच्या बाहेर काढून विचारलं, "तुझ्या बापाचं नाव अंदाजे काय?" त्यावरून काय गहजब झाला! माफी मागा म्हणाले. सरांनी काही माफी मागितली नाही. भांडकुदळ माणूस, मी खोटं कशाला सांगू. चार माणसांत बसवायची सोय नव्हती. माझ्याशीही वर्षातून दोनदा अबोला धरायचे.

पण दगडू मिस्त्रींचं झालं तेव्हा सरांइतकीच मीही चिडले. दगडू मिस्त्री म्हणजे आमच्या हॉस्पिटलचं गवंडीकाम केलेला माणूस, परांचीवरून पडून मांडी मोडून आमच्याकडंच आला. सरांनी त्यांच्या एक्स-रेवरून प्लॅस्टरचं हाड केलं आणि निमकरांना निरोप धाडला, ही सळई घालू नका, हाडाची पुढची भिंत फुटेल, दुसरी मागवा. निमकर म्हणाले, "सांगा त्यांना, तुम्ही पूल बांधा." आणि घातली. माझ्या डोळ्यांदेखत हाड उभं चिरलं. आवाज आला तो मी विसरलेले नाही. मिस्त्री कित्येक महिने खाटेवर होते, नंतर परांचीवर कधी चढले नाहीत. सर निमकरांच्या केबिनमध्ये आले आणि टेबलावर प्लॅस्टरचं हाड ठेवलं, सळईसकट. तिथंच चिरलेलं. "हे माझ्याकडं काल फुटलं," ते म्हणाले. "प्लॅस्टरला दुखत नाही हो, निमकर." मला वाटलं, निमकर आता तरी शहाणे होतील.

प्लॅस्टर ठीक, पण ड्रिलला खऱ्या हाडाचा विरोध कळायला हवा म्हणून सर खाटकाकडून म्हशीच्या पायाची हाडं आणायचे आणि लॅबमागं पातेल्यात उकळून साफ करायचे. वास यायचा, नाही म्हणत नाही. एके दिवशी आमचे रजिस्ट्रार नाकाला रुमाल लावून आले आणि सगळ्या स्टाफसमोर हसत म्हणाले, "शिकली सवरली तरी ह्यांच्या हातातली हाडं काही सुटत नाहीत." दोघंतिघं हसलेसुद्धा. मी एका पेशंटचे एक्स-रे द्यायला गेले होते, तिथंच उभी. माझ्या हातात काही जड असतं तर मी फेकून मारलं असतं, शप्पथ.

सर शांत होते. पळीनं पातेलं ढवळत म्हणाले, "माझ्या आज्यानं छप्पन्न साली बुद्धाला शरण जाऊन गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. मी हाडं परत हातात घेतली ती इंजिनियर म्हणून, पगार घेऊन, माझ्या मर्जीनं. वास येत असेल तर खिडकी उघडा." रजिस्ट्रार पांढरेफटक पडले. पण ते हे विसरले नाहीत.

हात तयार झाला. मोटारी पुण्याच्या जुन्या बाजारातल्या, सांगाडा कॉलेजच्या वर्कशॉपचा. प्लॅस्टरवर, म्हशीच्या हाडावर एकदम नेमका चालायचा. सरांचं समाधान नव्हतं. ते हाताला फसवायचे. तालीम गणपतरावांची करायची आणि समोर गुपचूप दुसऱ्याचं हाड ठेवायचं. हात बिनदिक्कत ड्रिल करत सुटायचा. सर कपाळाला हात लावायचे. "बाई, ह्याला सगळं येतं, थांबायला येत नाही. समोरचा माणूस ओळखीचा नाही, एवढं कळून ज्या दिवशी हा स्वतः थांबेल, त्या दिवशी ह्याला थिएटरात न्यायचं. तोवर नाही." त्याला अजून सहा-आठ महिने हवे होते.

साहेबांना, म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, ते नको होतं. मंत्री हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला येणार होते आणि साहेबांना त्यांच्यासमोर यंत्रमानवाकडून ऑपरेशन करून दाखवायचं होतं. खूप वादावादी झाली. शेवटी सर एका अटीवर कबूल झाले. पेशंट एकच, सोपान नावाचा टेम्पो ड्रायव्हर. त्याची तालीम ते स्वतः करणार, पेशंट बदलायचा नाही, आणि बटणावर त्यांचाच हात राहणार. सोपानच्या हाडावर त्यांनी आठवडाभर जीव काढला.

आणि उद्घाटनाच्या सकाळी सोपानला सणकून ताप. मी सांगितलं, ह्याला भूल देणार नाही. साहेबांनी निमकरांना विचारलं, "दुसरी मांडी आहे का?"

दुसरी मांडी! जशी काही दुकानातली दुसरी बरणी.

होती. हिराबाई. पाथर्डीकडची, ऊसतोडीला आलेली, ट्रॉलीवरून मोळ्यांसकट खाली पडली होती. बारकी, सोपानच्या खांद्याला लागेल एवढी. तोडीला नवराबायकोची जोडी लागते, जोडीलाच एक कोयता म्हणतात. बाईचा पाय गेला की कोयता मोडला, नवरा एकटा काय तोडणार? हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. निमकर मला म्हणाले, "सळई आणि स्क्रू मीच हातानं घालतो. यंत्र नुसतं शेजारी फिरवून दाखवायचं, फोटोपुरतं." तिची सळई तशीही त्या दिवशी ठरलेलीच होती. मी कंबरेतून भूल दिली. कंबरेखाली बधिर, वर टक्क जागी. ती माझा हात धरून विचारत होती, "बाई, ते यंत्र माज्याच पायावर चालवनार म्हनत्यात, खरं हाय का? झंपर शिवायचा तरी शिंपी माप घेतो. माजं तर कुनी माप बी घेतलं न्हाई."

मी तिला म्हटलं, यंत्र हात लावणार नाही. निमकरांनी मला तसंच सांगितलं होतं ना.

सर कुठं होते विचाराल तर गेटवर. साहेबांनी त्यांना मुद्दाम मंत्र्यांच्या स्वागताला हार घेऊन उभं केलं होतं. सोपानला ताप आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

निमकरांनी सळई घातली, ठीक घातली. एवढ्यात दार उघडलं आणि मंत्री, साहेब, रजिस्ट्रार, फोटोग्राफर, सगळी वरात ऑपरेशन थिएटरात! धोतरावर हिरवे झगे, तोंडाचे मास्क हनुवटीला. मी ओरडले, "हे थिएटर आहे, तमाशाचा फड नाही!" माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी मान हलवली, निमकर बाजूला झाले, आणि सरांच्या हाताखालचा लेक्चरर शेटे यंत्राशी गेला. हात हलला. हिराबाईच्या गुडघ्याच्या वर येऊन उभा राहिला.

वरातीच्या शेपटाला सर आत आले. आधी त्यांनी टेबलावरची बाई पाहिली. मग कॉम्प्युटरचा पडदा पाहिला.

"शेटे, हे हाड कुणाचं?"

"सर, सोपानचंच. म्हणजे त्याचा डावा पाय, हिचा उजवा, म्हणून कॉम्प्युटरवर उलटा करून घेतला. मांडी काय सर, आरशातली..."

सरांनी बटण बंद केलं. साहेब दात ओठ खात पण हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "साळवे, मंत्री काही रोज रोज येत नाहीत."

"पेशंटही रोज तोच येत नाही, साहेब."

"शेटे, चालू करा."

आणि त्या गाढवानं केलं! सरांनी पुन्हा बंद केलं. साहेबांनी शेट्याकडं पाहिलं, शेट्याचा हात पुन्हा बटणाकडं. तेव्हा सरांनी शेट्याच्या पेटीतला पाना उचलला, टेबलापासून यंत्र मागं ओढलं आणि हाताच्या कोपराचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. सगळ्यांच्या देखत. घाई केली नाही. हात लुळा पडला. मग मनगट काढलं, ड्रिल काढलं, मोटारींच्या वायरी पक्कडीनं तोडल्या. किती वर्षांचं काम ते. शेवटी झोपलेलं पोर खांद्यावर घ्यावं तसा तो सुटा हात खांद्यावर घेतला आणि निमकरांना म्हणाले, "स्क्रू हातानं घाला. सावकाश. मी बाहेर आहे."

मंत्री घड्याळ बघत निघून गेले. निमकरांनी स्क्रू हातानं घातले. घाम गाळत, पुन्हा पुन्हा एक्स-रे काढत, पण चांगले घातले, त्याचं श्रेय मी त्यांना देते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सोपानची ती उलटी आकृती हिराबाईच्या एक्स-रेवर ठेवून पाहिली. ड्रिल हाड सोडून मागच्या बाजूला गेलं असतं, गुडघ्यामागं, जिथून पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते. पाय गेला असता, कदाचित बाईच गेली असती. निमकर हे मला दार लावून सांगत होते. मी म्हटलं, "हे चौकशीत सांगा." ते म्हणाले, "बघू." काय बघायचं होतं ह्या माणसाला अजून? माझ्या मनातून तो माणूस त्या दिवशी उतरला तो उतरलाच.

कारण चौकशी लागली होती, सरांची! संस्थेच्या मालमत्तेची नासधूस, पाहुण्यांचा अपमान, रुग्णाच्या उपचारात अडथळा. तो सुटा हातही संस्थेनं मालमत्ता म्हणून जप्त केला, पुढं कसाबसा जोडून घेतला, आणि तोच परवा काचेच्या पेटीत होता. यंत्रात माझ्या चुकीनं दोष राहिला होता असं लिहून द्या, नोकरी ठेवतो, असा निरोपही आला होता. सरांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

चौकशी रेंगाळत चार-पाच महिन्यांनी झाली. त्या दिवशी टेबलापलीकडं साहेब, प्रिन्सिपॉल, रजिस्ट्रार आणि निमकर. मी साक्षीदार. मला जे दिसलं ते मी चढ्या आवाजात सांगितलं, तर रजिस्ट्रार म्हणाले, "बाई, तुम्ही भुलीपुरतं बोला." निमकर टेबलक्लॉथची नक्षी बघत बसले. मग रजिस्ट्रारांनी त्यांचा हुकमी साक्षीदार आणला. साखर कारखान्याजवळच्या कोपीवरून, म्हणजे तिच्या पाचटाच्या झोपडीवरून, हिराबाईला जीप पाठवून बोलावलं होतं.

ती दारातून आत आली. कुबडी नाही, नवऱ्याचा आधार नाही. एवढ्या लांबलचक हॉलमधून ती आपल्या दोन पायांवर चालत टेबलापर्यंत आली.

"ह्या माणसानं तुझ्या ऑपरेशनात गोंधळ घातला," रजिस्ट्रार म्हणाले. "तू फार घाबरलीस. बरोबर ना?"

"व्हय, घाबरले व्हते की," हिराबाई म्हणाली. "ते यंत्र वर येऊन हुबं ऱ्हायलं तवा लई घाबरले. ह्यांनी त्याचं नटबोल्ट काडलं, तवा जिवात जीव आला."

माझ्या शेजारी बसलेली नर्स हसू दाबायला खोकू लागली. साहेब लालबुंद झाले. रजिस्ट्रारांनी गडबडीनं तिला बाहेर जायला सांगितलं आणि ती वळून चालायला लागली. सर तिच्या पाठमोऱ्या चालीकडं टक लावून बघत होते.

"साळवे, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"म्हणायचंय," सर म्हणाले. नजर अजून तिच्यावरच. "हिचा उजवा पाय जरा आखूड भरलाय. चपलेला आतून टाच लावावी लागेल. नाहीतर वर्षभरात कंबर धरेल आणि हिला वाकता येणार नाही."

"तुमच्या बचावात काय म्हणायचंय, ते विचारतोय मी!"

सर उठले आणि परवानगी न विचारता तिच्या मागोमाग बाहेर गेले. पुढं त्यांनी जिल्हा सोडला. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच, उघड्या दारातून, शेवटचं. व्हरांड्यात ते फरशीवर गुडघे टेकून बसले होते आणि हिराबाई भिंतीला धरून एका पायावर उभी होती. "अवो सर, पायाला नगा ना हात लावू," ती संकोचानं म्हणत होती. "गप उभी राहा, हलू नको," ते तिच्यावर खेकसत होते. आत रजिस्ट्रार त्यांना बडतर्फ केल्याचा ठराव मोठ्यानं वाचत होते, आणि बाहेर सर तिच्या चपलेवर पेनानं टाचेची रेघ ओढत होते.